श्रम, शरीर आणि विद्या: साधन कोणाचे?

कामगाराची उत्पादकता म्हणजे ठरावीक वेळात त्याच्या हातून होणारे काम. ती वाढवण्याचे मार्ग ढोबळमानाने तीन आहेत: चांगली अवजारे व यंत्रे, कामाची नीट आखणी, आणि काम करणाऱ्या माणसाची स्वतःची ताकद व जाण. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या देशांनी मुख्य भिस्त पहिल्या मार्गावर ठेवली. धरणे, पोलाद, वीज यांवर पैसा ओतला गेला. दवाखाने आणि शाळा समाजकल्याणाच्या सदरात गेल्या, म्हणजे हाती काही उरले तर करायच्या खर्चात. हा दृष्टिकोन बदलायला 1960च्या सुमारास सुरुवात झाली. त्या वर्षी अमेरिकन अर्थतज्ज्ञांच्या संघटनेपुढील अध्यक्षीय भाषणात थिओडोर शुल्ट्झ यांनी मांडले की शिक्षण आणि आरोग्य यांवरचा बराचसा खर्च ही गुंतवणूकच असते. 1964 साली गॅरी बेकर यांचे ‘ह्यूमन कॅपिटल’ प्रसिद्ध झाले आणि ‘मानवी भांडवल’ ही कल्पना रूढ झाली. बीज जुनेच होते. ॲडम स्मिथने 1776 मध्येच लोकांनी कमावलेल्या कौशल्यांची गणना देशाच्या स्थिर भांडवलात केली होती.

गरीब देशांतल्या शाळांचे आणि दवाखान्यांचे या कल्पनेने भले केले, हे निःसंशय. अर्थखात्याला समजेल अशा भाषेत त्यांची बाजू प्रथमच मांडली गेली. पण तिच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक मूलभूत प्रश्न आहे. माणसाने निरोगी आणि शहाणे असावे ते कशासाठी? जास्त माल निघावा म्हणून असेल, तर ज्याच्या आरोग्याने माल वाढत नाही त्याचे काय? आणि ज्याचे आरोग्य बिघडवून माल वाढतो त्याचे काय? हे प्रश्न हवेतले नाहीत. त्यांची उत्तरे शोधायची तर आधी शरीर, विद्या आणि काम यांचा संबंध प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहावे लागते.

हिशेब भाकरीपासून सुरू होतो. खाल्लेल्या अन्नातली बरीचशी ऊर्जा नुसते जिवंत राहण्यात खर्ची पडते: हृदय चालू ठेवणे, अंगाची ऊब राखणे, झीज भरून काढणे. त्यातून उरेल तेवढीच कामाला मिळते. म्हणून अन्न दहा टक्क्यांनी घटले तर काम दहा टक्क्यांनीच घटेल, असे होत नाही. जगण्यापुरता वाटा आधी वजा होतो आणि सगळी तूट कामाच्या वाट्याला येते. आर्थिक इतिहासकार रॉबर्ट फोगेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरच्या युरोपातील अन्नपुरवठ्याचा अभ्यास केला. फ्रान्समधील सर्वांत गरीब दहा टक्के लोकांच्या पोटात नियमित कामापुरते अन्नच पडत नव्हते, असे त्यांना दिसले. ब्रिटनमध्ये 1790 ते 1980 या काळात दरडोई उत्पन्नात जी वाढ झाली तिच्यातला सुमारे 30 टक्के वाटा त्यांनी सुधारलेल्या पोषणाला दिला. भिकारी आणि आळशी म्हणून ज्यांना चाबकाचे फटके दिले गेले त्यांच्यातले कितीतरी लोक नुसते उपाशी होते, असा याचा अर्थ होतो. गरिबांच्या आळसाविषयी जी प्रवचने दोन-तीन शतके झाली, त्यांचा पायाच या आकडेवारीने काढून घेतला.

गरीब देशांबाबत हाच विचार हार्वी लायबेनस्टाइन यांनी 1957 मध्ये मांडला होता. मजुरी कमी म्हणून अन्न कमी, अन्न कमी म्हणून काम कमी, आणि काम कमी म्हणून मजुरी कमी. पार्थ दासगुप्ता आणि देवराज रे यांनी 1986 मध्ये त्याला आणखी एक बाजू जोडली. ज्याच्याकडे थोडीतरी जमीन आहे त्याचे पोट अंशतः जमिनीवर भरते, त्यामुळे तो कमी मजुरीतही पुरेसे काम करू शकतो. भूमिहीनाला तेवढ्याच कामासाठी जास्त मजुरी लागते, म्हणून मालक आधी जमीनवाल्याला घेतो. ज्याला कामाची सर्वांत जास्त गरज, तोच कामावरून परत पाठवला जातो. इथे कुणी दुष्ट असण्याचीही गरज नाही; बाजार आपल्या नियमाने चालला तरी हेच घडते.

पोट भरलेले असूनही शरीर दुबळे असू शकते. रक्तातले हिमोग्लोबिन कमी असले की स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो आणि थोड्या कष्टाने दम लागतो. इंडोनेशियात पश्चिम जावामधील रबराच्या मळ्यांवर झाडांचा चीक गोळा करणाऱ्या मजुरांची पाहणी 1979 मध्ये प्रसिद्ध झाली. चिकाच्या वजनावर मजुरी मिळत असल्याने कोणी किती काम केले ते रोज नोंदले जाई. रक्तक्षय असलेल्या मजुरांचे काम इतरांपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी भरत होते. त्यांना साठ दिवस लोहाच्या गोळ्या दिल्यावर हा फरक जवळपास मिटला. गोळी अत्यंत स्वस्त आणि फरक एवढा मोठा, म्हणून हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत गेले. भारताच्या 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शेतात निंदणी-खुरपणी करणाऱ्या, डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या, घरी येऊन चूल पेटवणाऱ्या बायकांचे हे रक्त आहे.

या विषयावरचा एक मोठा वाद पुण्यात झाला आणि तो मुळात तात्त्विक होता. गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातील दारिद्र्याची मांडणी करताना दरडोई दररोज 2250 उष्मांक ही कसोटी धरली. सातारा जिल्ह्यातून आलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत प्रदीर्घ काम करून पुण्यात परतले होते. त्यांनी या कसोटीला हरकत घेतली. एकाच माणसाचा आहार दिवसागणिक कमी-जास्त होतो, शरीर आपला खर्च त्याप्रमाणे जुळवून घेते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अन्नाच्या जोडीने स्वच्छ पाण्यावर त्यांनी दिलेला भर आजही पटतो, कारण जुलाबाने पोखरलेल्या आतड्यात घातलेले अन्न अंगी लागत नाही. पुढे डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने या विचाराला टोकाला नेले आणि गरीब देशांतली खुरटलेली माणसे लहानखुरी पण निरोगी असतात, असे मांडले. आहारशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी त्याला कडाडून विरोध केला.

शरीर जुळवून घेते, हे खरे आहे. ते काय सोडून जुळवून घेते, हा खरा प्रश्न. अर्धपोटी मूल खेळणे कमी करते आणि गप्प बसून राहते. अर्धपोटी मजूर मुकादमासमोर काम करतो, कारण मजुरी त्यावर आहे. पण घरी आल्यावर आडवा होतो. पोराचा अभ्यास घेणे, गावच्या सभेला जाणे, भजनाला बसणे, भांडणात कमकुवताची बाजू घेणे, यातले काहीच त्याच्याने होत नाही. कामाच्या नोंदवहीत त्याची उत्पादकता पूर्ण दिसेल. कपात झालेली असते ती त्याच्या स्वतःच्या आयुष्यात, आणि तिची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. नुसत्या उत्पादनावरून आरोग्य मोजण्यातली पहिली चूक इथे दिसते.

अन्न आणि विद्या यांचा संबंध भारतीय परंपरेला फार पूर्वी जाणवला होता. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस अन्नावाचून राहायला सांगतो. पाणी मात्र हवे तेवढे प्यायचे. सोळाव्या दिवशी बाप त्याला वेद म्हणायला लावतो. बारा वर्षे गुरुगृही शिकून आलेल्या त्या तरुणाला एक ऋचाही आठवत नाही. मग बाप त्याला जेवायला पाठवतो, आणि जेवून आल्यावर विचारलेले सगळे त्याला येते. मन अन्नावर चालते, हे उद्दालकाने मुलाला प्रयोग करून पटवले. सकाळी उपाशी शाळेत येणाऱ्या मुलापुढे फळ्यावरची अक्षरे का हलतात, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ही कथा जरूर वाचावी.

आधुनिक काळात याची सर्वांत प्रदीर्घ तपासणी ग्वाटेमालात झाली. 1969 ते 1977 या काळात तिथल्या चार खेड्यांत लहान मुलांना पूरक आहार दिला गेला: दोन गावांत प्रथिनयुक्त ‘आतोले’ हे पेज-पेय आणि दोन गावांत प्रथिने नसलेले गोड पेय. तीन दशकांनी त्याच मुलांना शोधून काढून त्यांची मिळकत तपासली गेली. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत आतोले मिळालेल्या पुरुषांची तासाची मजुरी इतरांपेक्षा 46 टक्क्यांनी जास्त निघाली. लहानपणीच्या वाटीभर पेजेचा परिणाम चाळिशीपर्यंत टिकला, म्हणून या निष्कर्षाची जगभर चर्चा झाली. त्यातली दुसरी नोंद मात्र फारशी सांगितली जात नाही. आतोले मिळालेल्या मुली शाळेत इतर मुलींपेक्षा सुमारे एक इयत्ता जास्त शिकल्या आणि त्यांची आकलनशक्तीही वाढली. पण त्यांच्या मजुरीत लक्षणीय फरक पडला नाही. त्यांच्या कामाला बाजारात वावच थोडा होता. मानवी भांडवलाचा हिशेब काटेकोरपणे लावला तर मुलाला पाजलेली पेज ही गुंतवणूक ठरते आणि मुलीला पाजलेली पेज खर्च ठरते. हा निष्कर्ष कोणाही सुबुद्ध माणसाला नकोसा वाटेल. नकोसा वाटतो म्हणूनच ज्या तर्काने तो निघाला त्यात काहीतरी अपुरे आहे, हे लक्षात येते.

आरोग्य आणि शाळा यांचा संबंध केनियातही तपासला गेला. तिथल्या बुसिया भागात 1998 पासून 75 शाळांमध्ये जंतनाशक गोळ्या टप्प्याटप्प्याने दिल्या गेल्या. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांच्या अभ्यासात मुलांची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. या निष्कर्षांवर पुढे इतर अभ्यासकांनी बरेच आक्षेपही घेतले. वीस वर्षांनी केलेल्या पाहणीत जास्त वर्षे गोळ्या मिळालेल्यांची तासाची कमाई सुमारे 13 टक्क्यांनी अधिक आढळली.

शिक्षणाचा कामावर होणारा परिणाम याहून गुंतागुंतीचा आहे. लोहाची गोळी रक्तात गेली की तिचे काम ठरलेले असते. शाळेतून मिळालेली विद्या परिस्थितीनुसार उपयोगी पडते किंवा पडून राहते. इंडोनेशियाने 1973 ते 1979 या काळात तेलाच्या पैशातून 61,000 हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. एस्थर डफ्लो यांनी नंतर दाखवले की जिथे शाळा जास्त झाल्या तिथली मुले जास्त शिकली आणि शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे त्यांची मजुरी सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी वाढली. भारतात हरितक्रांतीच्या काळात ॲन्ड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांना वेगळी गोष्ट आढळली. जिथे जास्त उत्पादन देणारे नवे बियाणे चालत होते त्या भागात चार इयत्ता शिकलेल्या शेतकऱ्याला न शिकलेल्यापेक्षा जास्त फायदा झाला, कारण खत किती, पाणी केव्हा, फवारणी कशाची, हे त्याला चटकन उमगले. जिथे शेती पूर्वीसारखीच चालली होती तिथे शिक्षणाने उत्पन्नात विशेष फरक पडला नाही. नांगर कसा धरायचा ते वडिलांकडून शिकता येते. वडिलांनाही ठाऊक नसलेले काही समोर आले की शाळा कामी येते.

म्हणूनच शाळांची संख्या वाढली आणि उत्पादकता वाढली नाही, असेही घडते. लँट प्रिचेट यांनी 2001 मध्ये विकसनशील देशांची तुलना करून दाखवले की शिक्षणाची सरासरी वर्षे झपाट्याने वाढलेल्या कित्येक देशांत कामगारामागील उत्पन्न त्या मानाने वाढले नाही. त्याची कारणे दोन-तीन आहेत. शिकलेल्यांना सरकारी कचेऱ्यांपलीकडे काम नसणे हे एक. वर्गात बसूनही शिकणे न होणे हे दुसरे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत 2005 पासून सातत्याने दिसते की ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा धडा नीट वाचता येत नाही.

तिसरे कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात सांगितले होते, आणि परदेशी अर्थतज्ज्ञांच्या यादीत ते क्वचितच सापडते. जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते, ही त्यांची मांडणी प्रसिद्ध आहे. तिच्या पुढचा युक्तिवाद निव्वळ उत्पादकतेचा आहे. जन्माने गळ्यात पडलेल्या आणि हीन मानल्या गेलेल्या धंद्यात माणसाचे मन आणि बुद्धी रमत नाही. जिथे मन नाही तिथे कार्यक्षमता कुठून येणार? याचा अर्थ असा की कौशल्य डोक्यात असून भागत नाही. ते वापरण्याचे स्वातंत्र्य असावे लागते. गटार साफ करणाऱ्याच्या पदवीधर मुलाला पुन्हा गटारच साफ करायला लावणारा समाज त्या पदवीवरचा खर्च स्वतःच्या हाताने बुडवतो, आणि त्या तरुणावर अन्याय करतो तो वेगळाच. दोन्ही तोटे खरे आहेत, पण ते एका मापाचे नाहीत.

इथवरचा पुरावा एका वाक्यात येतो: आरोग्य आणि शिक्षण उत्पादकता वाढवतात, कधी फार, कधी थोडी, आणि पुष्कळदा इतर गोष्टी जागेवर असतील तरच. आता मूळ प्रश्न. इमॅन्युएल कांट याने 1785 मध्ये नीतीचे एक सूत्र मांडले, त्याचा आशय असा की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. त्यातला ‘केवळ’ महत्त्वाचा आहे. गवंडी घरमालकासाठी साधन असतोच, परिचारिका रुग्णासाठी असते. त्यात गैर काही नाही. माणसाचे स्वतःचे हेतू पुसून टाकून त्याला वापरणे गैर आहे. शुल्ट्झ यांनाही ही अडचण माहीत होती. माणसाला संपत्ती मानणे पुष्कळांना अपमानास्पद वाटेल, हे त्यांनी आपल्या भाषणातच मान्य केले होते. त्यांचे उत्तर असे की गुंतवणूक माणसाच्या स्वतःमध्ये होते, तिने त्याच्यापुढचे पर्याय वाढतात, म्हणून ती त्याला मोकळे करते. हे उत्तर अर्धे बरोबर आहे. पर्याय खरोखर वाढत असतील तर बरोबर, आणि फळ दुसऱ्याच्याच पदरात पडत असेल तर चूक.

भारतीय परंपरेनेही शरीराला साधन म्हणायला संकोच केलेला नाही. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त तप करणाऱ्या पार्वतीला बटूच्या वेशातला शिव सांगतो की शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, तेव्हा त्याची हेळसांड करू नकोस. पण तो पार्वतीच्या शरीराला पार्वतीच्याच धर्माचे साधन म्हणतो. धम्मपदाच्या अट्ठकथेतली आळवीची कथाही याच दिशेने जाते. बुद्ध उपदेश करायला बसले असता एक गरीब माणूस हरवलेला बैल शोधून, दमून-भुकेजून तिथे पोहोचतो. बुद्ध उपदेश थांबवतात आणि आधी त्याला जेवू घालायला सांगतात. भिक्खूंमध्ये कुजबूज होते, तेव्हा ते म्हणतात की भुकेसारखा दुसरा रोग नाही. इथेही अन्न साधन आहे, ऐकण्याचे आणि समजण्याचे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की जे समजायचे ते त्या जेवणाऱ्याच्याच मुक्तीसाठी होते. आरोग्य आणि विद्या साधने आहेत की साध्ये, असा प्रश्न विचारला की चर्चा अडते. ती साधने कोणाची, असे विचारले की वाट मोकळी होते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची स्थिती या प्रश्नासमोर ठेवून पाहावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ धरतात. हंगामाआधी मुकादम कोयत्यामागे उचल देतो आणि ती टनावरच्या मजुरीतून फेडायची असते. पहाटे अंधारात उठून भाकऱ्या थापायच्या, फडात जाऊन ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, आणि ट्रक आला की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचे, मग रात्रीचे बारा वाजोत. राहायला फडाजवळच्या कोप्या. संडास, न्हाणीघर, पुरेसे पाणी यांची वानवा. कुणी एक दिवस कामावर आले नाही तर त्याला ‘खाडा’ म्हणतात आणि खाड्याचा दंड उचलीच्या खात्यावर चढतो. मासिक पाळीतल्या पोटदुखीला या व्यवस्थेत जागा नाही.

राज्य सरकारने नेमलेल्या समितीने 2019 मध्ये जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहा जणींमागे एकीचे. त्यांच्यातल्या कित्येक जणी तिशी-पस्तिशीच्या होत्या. पांढरे जाणे, अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात गेल्या होत्या. औषधाने बरे होण्याजोग्या आजारावरही शस्त्रक्रिया सुचवली गेली आणि त्यांनी ती करून घेतली, कारण खाडे परवडत नव्हते.

उत्पादकतेच्या मापाने या शस्त्रक्रियेकडे पाहिले तर काय दिसते? हंगामातले कामाचे दिवस वाढले, टन वाढले, उचल वेळेत फिटली. यावर अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणेल की हिशेब आखूड मुदतीचा आहे. गर्भाशयाबरोबर अंडाशयही गेले तर हाडे ठिसूळ होतात, कंबर जाते आणि दहा वर्षांत ती बाई कामातून उठते, तेव्हा लांबचा हिशेब केला तर तोटाच आहे. हे बरोबर आहे. पण तो तोटा कोणाच्या खात्यावर पडतो? कारखान्याच्या नाही, मुकादमाच्याही नाही. पुढच्या हंगामाला दुसरा कोयता मिळतो. जिथे मजूर मुबलक आणि गरजू आहेत, तिथे एका शरीराची दीर्घकालीन उत्पादकता जपण्यात कोणाचाच आर्थिक हितसंबंध नसतो. तिथे आरोग्याची बाजू उत्पादकतेच्या आधाराने लढवणारा माणूस हरतो. त्या बाईचे शरीर तिचे स्वतःचे आहे, तिच्या हेतूंसाठी आहे, हा आधार घेतला तरच ती शस्त्रक्रिया आणि तिच्याकडे ढकलणारी दंडाची पद्धत सरळ चूक ठरवता येते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचीही कथा याच धर्तीची आहे. हंगामात आईबापांबरोबर गेलेली पोरे कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि त्यांची शाळा चार-पाच महिने तुटते. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे त्यासाठीच निघाली, पण ती सर्वांपर्यंत पोहोचली नाहीत. चौदाव्या-पंधराव्या वर्षी पोरगी शाळेतून सुटते आणि लग्न होऊन नव्या कोयत्याचा अर्धा भाग होते. ऊस तोडायला वाचता यावे लागत नाही, म्हणून तिच्या शिक्षणाने साखरेचे उत्पादन वाढणार नाही. ऊस न तोडण्याचा पर्याय मात्र तिला त्याच शिक्षणाने मिळाला असता.

महाराष्ट्रात या प्रश्नावरचे सर्वांत स्पष्ट विचार अर्थशास्त्रज्ञांच्या आधी समाजसुधारकांकडे सापडतात. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन देताना सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हे रोखठोक सांगितले. ज्याच्या श्रमाने शाळा चालते त्याच्या मुलाचा शाळेवर पहिला हक्क, असा हा युक्तिवाद आहे. उत्पादन वाढवण्यासाठी शिक्षण द्या, असे ते म्हणत नाहीत. उत्पादन रयतेने आधीच केलेले आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’च्या सुरुवातीला फुल्यांनी विद्येच्या अभावापासून दैन्यापर्यंतची जी साखळी दाखवली, तिच्यात वित्त शेवटी येते. विद्या आणि वित्त यांच्या मध्ये मती, नीती आणि गती आहेत. मानवी भांडवलाचा सिद्धांत विद्येवरून थेट वित्तावर उडी मारतो. मधल्या कड्या वगळल्या की शाळा उभ्या राहतात पण मुले शिकत नाहीत, पदव्या मिळतात पण काम मिळत नाही, आणि अभ्यासकांना कोडे पडते.

आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला तेव्हा दोन्ही आधार एकत्र आणले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने तो भार अंशतः तरी उचलला पाहिजे. 1929 मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. उत्पादनाचा मुद्दा त्यांनी टाळला नाही, पण कसोटी म्हणून तो वापरला नाही. अमर्त्य सेन यांनी पुढे नव्वदच्या दशकात जे मांडले ते याला जवळचे आहे. मानवी भांडवल ही उपयोगी कल्पना आहे, पण माणसाला मोलाचे वाटणारे आयुष्य जगण्याची क्षमता ही तिच्याहून मोठी कल्पना आहे. वाचता येणारी बाई कारखान्यात जास्त कमवू शकते, आणि नाही कमावले तरी ती वर्तमानपत्र वाचू शकते, बँकेतला कागद समजून सही करू शकते, नवऱ्याशी वाद घालू शकते.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. गरीब देशाची तिजोरी लहान असते. सगळ्यांचा हक्क सारखा म्हटला तर आधी कोणाला द्यायचे, हे ठरवायला काही माप लागतेच, आणि उत्पादकता हे निदान मोजता येणारे माप आहे. आक्षेपात तथ्य आहे. दोन कार्यक्रम तितकेच न्याय्य असतील तर त्यातला जास्त फळ देणारा आधी घ्यावा, यात कुणाची हरकत नसावी. हे माप मर्यादा ठरवू लागले की मात्र ते थांबवावे लागते. कारण त्या मापाने म्हाताऱ्यांचा मोतीबिंदू, अपंगाची शाळा, मतिमंद मुलाची देखभाल आणि घरात राबणाऱ्या स्त्रीचे कंबरदुखीचे औषध हे सगळे यादीच्या तळाशी जाते. केरळने साक्षरता आणि आरोग्य यांत देशाच्या कितीतरी पुढे मजल मारली तेव्हा कित्येक वर्षे त्याचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या खालीच होते. केवळ उत्पन्न पाहणाऱ्याने सत्तरच्या दशकात तो खर्च वाया गेला, असे म्हटले असते. पुढे उत्पन्नही वाढले. पण ते वाढले नसते तरी तिथली बाळे जगली, हे यश यशच राहिले असते.

माणसाला आधी धरले म्हणजे उत्पादन बुडते, हेही खरे नाही. एल साल्वादोरमध्ये उसाच्या फडातले मजूर भर उन्हात राबून मूत्रपिंडाच्या विकाराने मरत होते. तिथे एका कारखान्याच्या मजुरांना पाणी, ठरावीक विश्रांती आणि सावली पुरवून पाहिली गेली. दिवसाची तोड घटली नाही, वाढली. तसे घडले नसते तर पाणी काढून घ्यायचे होते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र या पाहणीत मिळत नाही. ते नीतीनेच द्यावे लागते.

2019 नंतर बीडमध्ये गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली, आणि ऊसतोड कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळही उभे राहिले. ही पावले योग्य आहेत. पण जी बाई आजारपणातही सुट्टी घेऊ शकत नाही तिच्यापर्यंत आरोग्याची कुठलीही योजना पुरती पोहोचणार नाही. म्हणून महाराष्ट्र सरकारने आणि साखर कारखान्यांनी आजारपणाच्या व बाळंतपणाच्या दिवसांवरचा खाड्याचा दंड कायद्याने बंद केला पाहिजे, आणि ते काम येत्या हंगामाआधी झाले पाहिजे.